तोंडाने ओढलेली नळी

जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं की पाथरी-मानवतच्या पट्ट्यात भरावावर काळे पाइप आडवे पडलेले दिसतात. एक टोक कालव्यात, मधला भाग भरावावरून वळलेला, दुसरं टोक खाली शेताच्या दांडात. ना मोटार, ना इंजिन. याला आमच्याकडे डोंगळा म्हणतात. पाटबंधारे खातं डोंगळे काढायला लावतं, जप्तही करतं. तो पाण्याच्या वाटपाचा वाद मोठा आहे, इथे त्यात मी जात नाही. मला दाखवायचेत ते डोंगळा लावणाऱ्याचे हात. पाइप आधी अख्खा पाण्यात बुडवायचा. आतली हवा बुडबुडे होऊन निघून जाईपर्यंत थांबायचं. मग टोकावर तळहात गच्च दाबून, दोघांनी मिळून ते टोक भरावापलीकडे उतरवायचं. ते कालव्याच्या पाण्यापेक्षा खाली गेलं की हात सोडायचा. पाणी आपोआप धावतं. तीन इंची पाइप कुणाच्या तोंडात मावत नाही, त्यामुळे तिथे दुसरा मार्गच नाही.

पण डोंगळा लावणाऱ्या याच माणसांच्या घरात, बैठकीत काचेची माशांची टाकी असते, आणि तिचं पाणी बदलायची वेळ आली की घरातलं पोरगं पारदर्शक नळीचं एक टोक टाकीत सोडतं, दुसरं तोंडात धरतं आणि गाल आत घेऊन ओढतं. पाणी जिभेला लागलं की थुंकायचं, तोंड पुसायचं, नळी बादलीत सोडायची. मी सरकारी दवाखान्यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. पाणी, रक्त, थुंकी यांतलं काय तोंडाजवळ न्यायचं आणि काय नाही, यावरच आमचं काम चालायचं. म्हणून ही नळी ओढायची सवय आमच्या परभणीत कुठून आली आणि का टिकली, हे मला लिहून ठेवावंसं वाटतं.

युक्ती जुनी आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंतींवर मोठ्या रांजणांतून नळीने द्रव काढणारी माणसं चितारलेली आहेत. आपल्याकडे फार लांब जायला नको. ज्यांनी शाळेत शास्त्राचा तास मन लावून ऐकला, त्यांना वासुदेवाचा प्याला आठवत असेल. पितळी पेला, मध्ये बाळकृष्णाला घेतलेला वासुदेव. पाणी ओतत गेलं की ते कृष्णाच्या पायाला लागतं आणि लागताच सगळा पेला बुडातून रिकामा होतो, यमुना ओसरावी तसा. मूर्तीच्या आत वळलेली नळी असते. पाणी तिच्या वळणावर चढलं की ती भरते, आणि भरली की थांबत नाही. इथेही कुणी तोंड लावत नाही, कारण पाणीच नळी भरतं. औरंगाबादच्या पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवलंय. तो उलटा सायफन: पाणी खाली उतरतं आणि उगमाच्या उंचीच्या जोरावर पुन्हा वर येतं. त्या धारेवर जातं फिरायचं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे नहरी खोदल्या, तेव्हापासून त्या शहराला बंद नळातल्या पाण्याची ओळख आहे. म्हणजे मराठवाड्याच्या माणसाला सायफन नवा नाही. त्यात तोंड घुसलं ते फार नंतर.

माझ्या मते ते घुसलं रॉकेलच्या टिपाडातून. घरोघरी स्टोव्ह आले, कंदील होते, शेतात डिझेलची इंजिनं आली. टिपाड कलतं करायला जड, म्हणून नळी टाकायची आणि ओढायची. जिनिंगवर, गॅरेजात, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत हे काम सहसा सगळ्यांत लहान पोराकडे असायचं. रॉकेल पोटात जाण्यापेक्षा छातीत गेलं तर जास्त घात करतं. ते पातळ असतं, ठसका लागला की थेट फुप्फुसात उतरतं आणि तिथे सूज आणणारी आग करतं. म्हणूनच रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नका, असं डॉक्टर सांगायचे, कारण वर येताना ते पुन्हा छातीत जातं. हे माहीत असूनही नळी ओढणं थांबलं नाही. फवारणीच्या पंपाची नोझल तुंबली की तोंडाने फुंकून मोकळी करणारेही मी पाहिलेत, तेही याच सवयीचं भावंड. तोंड हे सगळ्यांत हाताशी असलेलं हत्यार, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेतही तेच होतं, हे सांगायला हवं. हिमोग्लोबिन मोजायला साहलीची पद्धत असायची. एका बारीक काचेच्या पिपेटवर २० घनमिलिमीटरची एकच खूण, तिच्या शेपटाला रबरी नळी आणि नळीच्या टोकाला तोंडात धरायची छोटी बोंडी. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब टम्म झाला की पिपेटचं टोक त्यात धरायचं आणि श्वास किंचित आत घ्यायचा. रक्त खुणेपर्यंत आलं की जीभ लावून थांबवायचं, टोक बाहेरून पुसायचं आणि रक्त आम्लाच्या नळीत सोडायचं. दहा मिनिटांनी ते तपकिरी होतं. मग थेंबथेंब शुद्ध पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. हात बसला की काम देखणं होतं. पण माणसाचं रक्त आणि तंत्रज्ञाचं तोंड यांच्यात फक्त वीतभर रबर असायचं. जगभर हीच रीत होती, आणि तिचे बळीही जगभर झाले. १८९३ साली एका डॉक्टरच्या तोंडात पिपेटमधून विषमज्वराचे जंतू गेले होते, अशी नोंद आहे. आपल्या देशात १९८६ साली एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले, त्यानंतर तोंडाने पिपेट ओढू नका हे वाक्य प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगितलं जाऊ लागलं. रबरी फुगे आले, मग बटणाच्या पिपेटी. एका पिढीत ती सवय दवाखान्यांतून गेली. कुणाला समज देऊन गेली नाही. हातात दुसरं साधन आलं म्हणून गेली. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण माशांच्या टाकीच्या बाबतीतही हाच रस्ता आहे असं मला वाटतं.

पाण्यातून तोंडावाटे काय येऊ शकतं, याचा सगळ्यांत भयंकर धडा आपल्या बारवांनी दिलाय. परभणी जिल्हा बारवांचा जिल्हा आहे. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव आता लांबून लोक बघायला येतात, चारठाण्याला, पिंगळीला बारवा आहेत. गावकऱ्यांनी गाळ उपसून, श्रमदान करून त्या मोकळ्या केल्या, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण बारवेची पायरी ही फक्त शिल्प नव्हती. माणूस पाण्यात पाय घालून उभा राहायचा आणि तिथेच घागर भरायचा. नारू झालेल्या माणसाच्या पायाला फोड यायचा, पाण्यात पाय बुडला की फोड फुटून जंताच्या अळ्या पाण्यात जायच्या. तिथे त्यांना सायक्लॉप्स नावाचे ठिपक्याएवढे जलकीटक गिळायचे, आणि ते कीटक पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. साधारण वर्षभराने मीटरभर लांबीची मादी पुन्हा पायातून बाहेर डोकं काढायची. ती काडीला गुंडाळून रोज थोडी थोडी ओढत बाहेर काढायची, तुटली तर पाय सुजायचा. हे चक्र रशियन शास्त्रज्ञ फेदचेन्को याने १८७० साली मध्य आशियात उलगडलं.

भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा नारूच्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. औषध नव्हतं, लसही नव्हती. उपाय होते ते असे: पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, पायऱ्यांच्या विहिरींना कठडा बांधून रहाटाच्या करा, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमीफॉस टाका, हातपंप बसवा आणि जखमेचा पाय पाण्यात घालू देऊ नका. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. गाळण्याचं फडकं आणि बांधलेला कठडा, एवढ्यावर एक रोग देशातून गेला. बारवा पुन्हा पाण्याने भरलेल्या बघताना हा इतिहास आपल्या मुलांना त्याच पायरीवर उभं करून सांगायला हवा.

आता मासे. परभणीच्या सर्वसाधारण घरात मासा पहिल्यांदा हौसेने आला नाही, तो सरकारी कामाने आला. सिकंदराबादेत, म्हणजे आपल्याच जुन्या निजाम राज्यात, रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. तेव्हापासून डासाची अळी खाणारा मासा आरोग्य खात्याचा मित्र झाला. १९२८ मध्ये गंबुशिया मासा बाहेरून भारतात आणला गेला, गप्पी त्याच्याही आधी आली होती. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. अंडी घालत नाही, पिल्लंच देते, घाण पाण्यातही जगते. आमच्या आरोग्य केंद्राच्या आवारात सिमेंटचा हौद असायचा, वर हिरवं शेवाळ, खाली गप्पींचा थवा. डासांच्या मोसमाआधी आरोग्य सेवक चहाच्या गाळणीने मासे पकडून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचे आणि विहिरींत, जनावरांच्या हौदांत, वापराच्या टाक्यांत सोडायचे. मी सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाच्या तपासणीसाठी जेएसबी रंगाने रंगवलेल्या रक्ताच्या काचा बघत बसायची आणि खिडकीतून तो हौद दिसायचा. गावातली मुलं हौदाशी घुटमळायची, बाटलीत दोन मासे मागायची. जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांचं पहिलं मत्स्यालय म्हणजे हॉर्लिक्सची बाटली आणि आरोग्य केंद्राची गप्पी.

त्याच खात्याने आणखी एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे कोरडा दिवस. आठवड्यातून एकदा रांजण, टाक्या, कूलर सगळं रिकामं करा, घासा, कोरडं करा. डेंगीसाठी हे सोन्यासारखं काम आहे. पण काचेची टाकी घरात आली तेव्हा बायकांनी आणि पोरांनी तिलाही हाच न्याय लावला. सगळं पाणी फेकायचं, खडे साबणाच्या पावडरीने घासायचे, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र करायचा, आणि ताजं पाणी भरून मासे सोडायचे. दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागायचे. दोष दुकानदाराला मिळायचा.

युरोपात ही हौस सुरू झाली तेव्हा चूक नेमकी उलटी होती. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये सोनेरी मासे, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवलं की पाणी न बदलताही ते टिकतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यघर उघडलं. त्यानंतर कित्येक वर्षं हौशी मंडळी जुनं पाणी जपून ठेवायची, बदललं तर समतोल बिघडेल म्हणून. तळचा कचरा काढायला काचेची सरळ नळी असायची. वरच्या तोंडावर बोट दाबून ती खाली न्यायची, बोट सोडलं की गाळ आत चढतो, पुन्हा बोट दाबून वर काढायची. हेही तोंडाशिवायच! पाण्यात खरं काय चालतं, हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की याने १८९० च्या सुमारास मातीतले जिवाणू वेगळे करून दाखवल्यावर हळूहळू कळलं. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट. पहिले दोन माशाला विषारी, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू खड्यांवर आणि स्पंजात राहतात. म्हणून टाकी चकाचक धुतली की मासे जगवणारेच मरतात, आणि अजिबात पाणी बदललं नाही तर नायट्रेट साचतं. चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा पाणी काढायचं, आणि ते तळातून, गाळासकट काढायचं. म्हणून सायफन. मगाने वरवर उपसलेलं पाणी हे टाकी साफ करणं नव्हे.

परभणीत काचेच्या टाक्या आल्या त्या आधी लोखंडी चौकटीच्या, लांबीने बसवलेल्या काचांच्या. नंतर सिलिकॉन आलं आणि काचवालेच टाक्या जोडायला लागले. मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय १९५१ पासून होतं, शाळेच्या सहलीला जाऊन आलेली मुलं वर्षभर त्याचंच बोलायची. क्रॉफर्ड मार्केटचे मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत रात्रीच्या प्रवासाने यायचे. पुढे वास्तूच्या नावाने टाक्या वाढल्या, दवाखान्यांत, सराफांकडे, हॉटेलांत. आणि टाकी साफ करून देणारी पोरं तयार झाली. बादली, जाळी, नळी घेऊन मोटारसायकलवर घरोघर जाणारी.

आमच्याकडेही नातवांसाठी टाकी आहे. ती साफ करून द्यायला आलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी नळी तोंडात धरली आणि म्हणाला, "काकू, तेवढं बादलीकडं बघा, पाणी यायलंय का." मी त्याला थांबवलं. म्हटलं, "बाळा, ही नळी इथं यायच्या आधी कुठं होती?" तो सरळपणे म्हणाला, "सराफाकडं. त्येंचे मासे मरायलेत, म्हणून सकाळी तिकडंच गेलो."

त्याला मी जे सांगितलं ते इथेही सांगते. माझ्या नोकरीत मी थुंकीचे असंख्य नमुने झील-नील्सन पद्धतीने रंगवले. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की क्षयाचा जंतू. त्याच घराण्यातला, त्याच रंगाला तसाच लाल होणारा एक जंतू माशांच्या पाण्यात राहतो, मायकोबॅक्टेरियम मरिनम. अ‍ॅरोन्सन याने तो १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या माशांत शोधला. माणसाला तो होतो हे पुढे पन्नासच्या दशकात स्वीडनमधल्या पोहण्याच्या तलावामुळे कळलं. तो तोंडातून नाही, जखमेतून शिरतो. काचेची धार, खड्याचा ओरखडा, माशाचा काटा. त्याला अंगाच्या आतली ऊब मानवत नाही, तीस-बत्तीस अंशांत तो वाढतो, म्हणून बोटं, मनगट, कोपर इथेच गाठ उठते. काही आठवड्यांनी उठते, त्यामुळे टाकीचा कुणाला संशयही येत नाही. माणसं ती गाठ महिनोन्महिने मलमं लावत बाळगतात. डॉक्टरला आपणहून सांगा, घरात माशांची टाकी आहे. या एका वाक्याने निदान लवकर होतं, आणि औषध काही महिने घ्यावं लागतं. तोंडातून जातात ते वेगळे, हगवण लावणारे एरोमोनास आणि साल्मोनेला. टाकीच्या तळाशी विष्ठा आणि कुजलेलं खाद्य असतं आणि नळी नेमकी तिथेच टेकवलेली असते.

मग मी त्याला डोंगळा लावायला सांगितला. त्याला लगेच कळलं, कारण त्याच्या मामाचं शेत कालव्यावर आहे. नळी अख्खी टाकीत बुडवायची, बुडबुडे संपू द्यायचे, बाहेरच्या टोकावर अंगठा दाबायचा, बादलीत उतरवून सोडायचा. रबरी फुग्याची नळी मिळाली तर आणखी सोपं. पुढची रीतही सरळ आहे. बोटाला चीर असेल तर हातमोजे घाला, किंवा त्या दिवशी टाकी दुसऱ्याला साफ करू द्या. स्पंज त्याच बादलीतल्या काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली नाही. बादली आणि नळी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवू नका. काम झालं की कोपरापर्यंत साबण लावा आणि तोवर शेंगदाणाही तोंडात टाकू नका. नळी उन्हात पूर्ण वाळवा, परभणीच्या उन्हाइतकं स्वस्त निर्जंतुकीकरण दुसरं नाही. नवीन पाण्यात ब्लीचिंगचा वास असेल तर ते दिवसभर उघडं ठेवा. बोअरचं असेल तर काचेवर क्षाराची पांढरी रेघ येणारच, ती लिंबाने पुसा, पण पाणी उतरलेल्या कोरड्या भागावर, टाकीत रस न पाडता. थंडीत आमच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा कधीकधी पाचाच्याही खाली जातो, त्या दिवसांत हौदाचं गारढोण पाणी एकदम ओतू नका.

काढलेलं पाणी मात्र फेकू नका. ज्या शहराने आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येताना पाहिलाय, तिथे बादलीभर पाणी मोरीत जाणं मला बघवत नाही. झाडाला लागणारं खत त्यात तयारच असतं. ते कढीपत्त्याला आणि जास्वंदीला जातं. कोथिंबीर-पालकाला घालत नाही, कारण ती कच्ची तोंडात जाते.

तो मुलगा आता घराघराची नळी वेगळी ठेवायला सांगतो. गिऱ्हाइकं कुरकुर करतात, एवढ्याशा नळीचे वेगळे पैसे कशाला म्हणतात. तो त्यांना सराफाकडच्या मेलेल्या माशांची गोष्ट सांगतो, आणि बहुतेक जण घेतात.